धनुष्याचं लॅकर पांढरं पडतंय? नवी स्प्रे गन घेण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. नुसतं ‘फिनिश बिघडलं’ म्हटल्याने काहीच कळत नाही.

लॅकरचा हात मारल्यावर दोन-पाच मिनिटांत अख्ख्या पात्यावर (मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागावर) दुधाळ साय धरली, लाकडाचे रेषे धूसर दिसायला लागले, तर तो दमट हवेचा प्रताप. साय नाही, पण मधेच कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके किंवा फोड दिसतात, तर नळीतून पाणी येतंय. लॅकर एका जागेवरून मागे सरकतं आणि गोल खड्डा पडून तळाचं लाकूड उघडं राहतं, तर तिथे मेण, तेल नाहीतर सिलिकॉन आहे. पात्याच्या कडेवरून बोट फिरवल्यावर पॉलिश पेपरसारखं खरखरतं, तर थेंब पोहोचण्याआधीच हवेत सुकतायत. गन धकधकते, मधेच थुंकते, तर दोष गनमध्ये आहे, पण बहुधा फुकटात सुटणारा. आणि महिनाभराने पात्यावर आडव्या केसासारख्या चिरा आल्या, तर फवारणीशी त्याचा फारसा संबंध नाही. त्याचं शेवटी बघू.

लालबागला एका गाळ्याच्या मागच्या भागात मी धनुष्यं बनवतो. पाठीला, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूला, बांबू; पोटाला, म्हणजे आपल्याकडच्या बाजूला, धामणीचं लाकूड. जून ते सप्टेंबर मला येणाऱ्या फोनपैकी बहुतेक पहिल्या दोन तक्रारींचे असतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच असतो: ‘कुठली गन घेऊ?’ मीही एके काळी हाच प्रश्न विचारला होता. नागदेवी स्ट्रीटला जाऊन १.४ मिलिमीटर नोझलची, ६०० मिलिलिटर कपाची छान चकचकीत गन आणली. पहिल्याच धनुष्यावर पुन्हा साय. शेजारी गणपतीचा कारखाना आहे. तिथला रंगारी डोकावला, गनकडे बघितलंच नाही, वाकून कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडला. फरशीवर तांबूस पाण्याचं थारोळं झालं. ‘हे मारत होतास धनुष्यावर,’ म्हणाला आणि निघून गेला.

ती गन अजून आहे. दारांना मारायला बरी पडते.

काहीही विकत न घेता

फोनवर आर्द्रता बघा. हे सांगायला सोपं आणि ऐकायला बाळबोध वाटतं, म्हणून कारण सांगतो. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, लॅकर सुकतं ते त्यातला थिनर उडून. थिनर उडताना पात्याची उष्णता घेऊन जातो आणि पृष्ठभाग थंड पडतो. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २७ अंशांवर येतो. म्हणजे पातं जेमतेम तीन अंशांनी थंड झालं की हवेतलं पाणी त्यावर जमणार आणि ओल्या लॅकरमध्ये अडकणार. साय म्हणतो ती हीच. त्याच ३० अंशांना आर्द्रता ५० टक्के असती तर दवबिंदू १८ च्या आसपास असता आणि तुमच्या हाताशी अकरा-बारा अंशांची सवड राहिली असती. जानेवारीत ज्याच्या हाताला यश असतं, त्याचाच हात जुलैत बिघडत नाही. सवड संपलेली असते.

म्हणून पावसाळ्यात सकाळी सातला उठून ‘शांत वेळ’ बघून फवारू नका. सकाळची हवा जास्त ओली असते. पाऊस उघडलेला असेल त्या दिवशीची दुपार बघा, बारा ते चार.

पंखा बंद ठेवा. लवकर सुकावं म्हणून लॅकरच्या ओल्या थरावर पंखा सोडणारे खूप जण भेटले. पंख्याने थिनर जोरात उडतो, पातं आणखी थंड पडतं आणि साय वाढते. वाफा बाहेर जायलाच हव्यात, त्यासाठी खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवा. वारा थेट पात्यावर नको, एवढंच.

धनुष्य एसीच्या खोलीत ठेवलं असेल तर तिथून काढून लगेच गॅलरीत फवारू नका. एसी लोकलमधून दादरला उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते ना, तेच धनुष्याला होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. तास-दीड तास बाहेर राहू द्या. मी तर उलटं करतो. प्लायच्या लांब पेटीत पिवळा बल्ब लावून धनुष्य आधी कोमट करून घेतो. हाताला ऊबदार लागेल इतकंच, ४० अंशांच्या वर नाही, कारण पांढऱ्या फेविकॉलचा जोड उष्णतेत सरकतो आणि साधं इपॉक्सीही मऊ पडतं. फवारायच्या आधी बल्ब बंद, आणि ओलं धनुष्य परत पेटीत घालायचं नाही. बंद पेटी, थिनरची वाफ आणि गरम बल्ब हे त्रिकूट भडकायला वेळ लावत नाही.

साय आलीच असेल तर लगेच घासायला बसू नका. हलकी असेल तर हवा सुधारल्यावर कधी आपोआप जाते. नाही गेली तर कोरड्या दुपारी त्यावर थिनरचा, शक्यतो सावकाश उडणाऱ्या थिनरचा, अगदी धुक्यासारखा हात मारा. एनसी लॅकर आपल्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळतं, त्यामुळे अडकलेलं पाणी सुटून जातं. ही युक्ती फक्त एनसीवर चालते. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) एकदा पक्कं झालं की विरघळत नाही. तिथे घासूनच काढावं लागतं.

हात आणि फडकं

गोल खड्डे पडत असतील तर गन खाली ठेवा आणि स्वतःचे हात बघा. धनुष्यवाल्यांचा हा खास रोग आहे, फर्निचरवाल्यांना इतका होत नाही. आपण दोरीला मेण चोळतो, त्याच बोटांनी पातं उचलून उजेडात धरतो, वळण बघतो, परत ठेवतो. बोटांचे ठसे असतील तिथे लॅकर टिकत नाही. दोरी चढवून पाती वाकवून बघायचं काम, म्हणजे टिलरिंग, पूर्ण संपवा, दोरी उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवा, हात साबणाने धुवा, मग शेवटचं घासकाम करा. त्यानंतर मुठीलाच धरायचं.

पुसायला थिनरमध्ये भिजवलेलं स्वच्छ सुती फडकं, आणि लगेच दुसरं कोरडं. एकच फडकं फिरवत राहिलात तर मेण निघत नाही, फक्त पसरतं. गाडीच्या डॅशबोर्डला चमक आणणारा स्प्रे त्याच खोलीत कुणी मारत असेल तर त्याला हात जोडून बाहेर काढा. त्यातलं सिलिकॉन हवेतून येऊन बसतं आणि महिनोन्‌महिने छळतं.

पुसूनही खड्डे येत असतील तर चपडी, म्हणजे लाख, कामी येते. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचा पातळ हात फडक्याने द्या. मेण काढलेली, म्हणजे डीवॅक्स्ड चपडी मागा. चपडीत स्वतःचं मेण असतं आणि पीयू त्याच्यावर नीट धरत नाही. चपडीच्या थराने खालचा डाग वर येत नाही, आणि हे सगळं शेदोनशे रुपयांत भागतं.

टाकीतलं पाणी

आता माझ्या थारोळ्याकडे. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. पावसाळ्यात ८० टक्के आर्द्रता धरली तर त्यात २४ ग्रॅम आहेच. छोटा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण १०० लिटर हवा ओढतो, म्हणजे दहा मिनिटांत एक घनमीटर. ती हवा दाबून आठव्या हिश्शात कोंबली की थंड झाल्यावर तिच्यात चारेक ग्रॅमच पाणी वाफ म्हणून राहू शकतं. उरलेलं वीस ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे, टाकीत किंवा नळीत सुटतं. दर दहा मिनिटांना. एक अख्खी दुपार काम केलंत तर किती, ते तुम्हीच मोजा.

तपासायला खर्च नाही. कप रिकामा करून पुसून घ्या, गनमधून नुसती हवा एका आरशावर किंवा स्टीलच्या ताटावर अर्धा मिनिट सोडा. थेंब किंवा तेलकट ओशटपणा दिसला तर धनुष्यावरही तेच जातंय. टाकीखालचा नळ रोज काम संपल्यावर उघडा. टाकीत थोडासा दाब असतानाच उघडा, म्हणजे पाणी जोराने बाहेर पडतं. रात्रभर तो नळ उघडाच ठेवला तर टाकी आतून कमी गंजते.

एवढ्यावर भागलं नाही तर पहिली खरेदी पाण्याच्या सापळ्याची, म्हणजे मॉइश्चर सेपरेटरची. काही शे रुपयांत मिळतो. पण तो दुकानदार सांगतो तसा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवलात तर पैसे पाण्यात, शब्दशः. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात सापळ्यातून आरामात निघून जातं आणि पुढे नळीत थंड होऊन थेंब बनतं. आठ-दहा मीटर नळी घ्या, ती भिंतीवर वरून खाली येईल अशी अडकवा आणि सापळा गनच्या बाजूच्या टोकाला, एखाद-दीड मीटर अलीकडे लावा. लांब नळीचा दुसरा फायदा त्याहून मोठा. कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच लागताना-बंद होताना ठिणगी पाडतो. तो थिनरच्या वाफेपासून जितका लांब आणि भिंतीआड, तितकं बरं.

थिनर आणि गाळणी

सुट्या थिनरच्या बाटलीत काय आहे हे बाटलीलाच माहीत. स्वस्त, झटपट उडणारा थिनर पावसाळ्यात साय आणणारच. लॅकरच्या कंपनीचाच थिनर घ्या आणि त्यात रिटार्डर, म्हणजे थिनरचं उडणं मंदावणारा द्रव, मिसळा. थिनरच्या पाच टक्क्यांपासून सुरुवात करा, दहाच्या पुढे मी जात नाही. जास्त घातलात तर लॅकर आठवडाभर मऊ राहतं आणि मुठीवर बोटांची नक्षी उमटते.

लॅकर जुन्या मलमलीतून गाळून घ्या.

गन थुंकत असेल तर क्रमाने बघा: कपाच्या झाकणावरचं बारीक भोक सुकलेल्या लॅकरने बुजलंय का (निम्म्या वेळा हेच), नोझल पान्याने नीट आवळलंय का, सुईभोवतीचं पॅकिंग कोरडं पडलंय का, कपात लॅकर तळाला गेलंय का. शेवटचं धनुष्यावर फार होतं, कारण लांब पात्यावरून जाताना आपण नकळत गन तिरकी करतो. नोझलच्या भोकात सुई-टाचणी घालू नका. एक ओरखडा पडला की फवारा कायमचा वाकडा.

मग गन कुठली?

आता हा प्रश्न विचारायला हरकत नाही. आधी हिशेब करू. पावणेसहा फुटी धनुष्य, लांबी सुमारे १७० सेंटिमीटर. पात्याचा घेर सरासरी १० सेंटिमीटर धरा. सगळं मिळून ०.१७ चौरस मीटर. ओला थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा धरला तर धनुष्यावर बसणारं लॅकर १७ मिलिलिटर. पातं अरुंद असल्याने बरंच बाजूने उडून जातं, म्हणून कपात ४० ते ५० घाला. एका हाताला एवढंच लागतं. ६०० मिलिलिटरचा कप कशाला?

मोठ्या गनच्या फवाऱ्याचा पंखा वीस-पंचवीस सेंटिमीटर रुंद पसरतो आणि आपलं पातं तीन-चार सेंटिमीटरचं. लॅकर भिंतीला जास्त लागतं. शिवाय १.४ नोझलच्या एचव्हीएलपी (कमी दाबाने भरपूर हवा सोडणाऱ्या) गनला मिनिटाला अडीचशे-तीनशे लिटर हवा लागते. एक एचपीचा, २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर ती देऊ शकत नाही. पात्याच्या मध्यावर पोहोचेपर्यंत दाब पडतो, थेंब मोठे होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. लोक मग लॅकरला शिव्या देतात. कॉम्प्रेसरच्या पाटीवर लिटरचा मोठा आकडा दिसला तरी तो बहुतेक वेळा ओढलेल्या हवेचा असतो, हातात येणारी हवा त्याहून बरीच कमी. दाब लावतानाही ट्रिगर दाबून धरा आणि मगच काटा बघा. ट्रिगर सोडलेला असतानाचा आकडा फसवा असतो.

आपल्या कामाला टच-अप गन पुरते. नोझल ०.८ किंवा १.० मिलिमीटर, कप १२५ मिलिलिटरचा. मोटारीवरचे ओरखडे बुजवायला गॅरेजवाले वापरतात तीच. मला साडेआठशेला पडली, पाचव्या वर्षी फक्त पॅकिंग बदललं. गनच्या मागे दाब दोन बारच्या आसपास, अंतर एक वीत, पंखा पात्याहून जरासा रुंद. कडा आधी, मग पोट, मग पाठ. धनुष्य दोन्ही टोकांच्या खाचांतून तारेने ताणून बांधा, नुसतं टांगलं तर हवेने गरगरतं.

एअरब्रशबद्दल नेहमी विचारतात, कारण लहान कॉम्प्रेसरसकट संच स्वस्तात दिसतो आणि आवाज नसल्याने शेजारी भांडत नाहीत. ०.३ नोझल आणि सात-आठ मिलिलिटरची वाटी म्हणजे एका हातात पाच-सहा वेळा भरणं. तोवर आधीचं टोक सुकतं आणि जोडावर खरखर येते. ०.५ नोझलचा, खाली बाटली लावायचा एअरब्रश असेल तर कसंबसं जमतं. मुठीवर रंगाची छटा द्यायला मात्र तो सुंदर.

स्प्रेचा डबा वर्षाला एखाद-दोन धनुष्यं करणाऱ्याला ठीक, पण पावसाळ्यात नको. डब्यातला वायू बाहेर पडताना फैलावतो आणि स्वतःच गार होतो, म्हणजे आधीच थंड पडणाऱ्या पात्यावर आणखी गारवा.

आणि जुलै महिना आहे, जवळ काहीच सामान नाही, गिऱ्हाईक शनिवारी येणार आहे, तर फवारूच नका. वायपिंग व्हार्निश किंवा टंग ऑइल फडक्याने चोळा, दोन हातांमध्ये एक दिवस सोडा. इंडियन राउंडची (बांबूच्या धनुष्यांच्या तिरंदाजी प्रकारातली) पोरं सरावाला जी धनुष्यं वापरतात, त्यांना हे फिनिश खरं तर जास्त मानवतं. ओरखडा पडला की पुन्हा चोळलं, झालं. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाच्या, टंगच्या तेलाची फडकी ढिगात स्वतःहून तापून पेटतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

कुठे थांबायचं

घरात फवारणार असाल तर स्वयंपाकघरातला गॅस, देवघरातली समई, उदबत्ती, गीझर, सगळं आधी बंद. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत दुसऱ्या खोलीत जाते. तोंडाला कापडी किंवा धुळीचा मास्क लावून वाफ अडत नाही. ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं असलेलाच लावा. वन रूम किचनमध्ये, लहान मूल घरात असताना, हे काम करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. एखाद्या पॉलिशवाल्याच्या गाळ्यात तासभर जागा मागून घ्या, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

हार्डनर मिसळायचं दोन डब्यांचं पीयू घरी फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो आणि काडतुसाच्या मास्कवर विसंबून चालत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. हे फिनिश हवंच असेल तर गाड्या रंगवणाऱ्या बूथमध्ये धनुष्य द्या. मूठ टेपने झाकून द्या, दोन पातळ हात सांगा, नाहीतर ते बोनेटसारखा जाड थर चढवतात.

कॉम्प्रेसरच्या टाकीतून बारीक फुसफुस येत असेल, बुडाला गंजाचा फोड दिसत असेल, तर ती टाकी संपली. वेल्डिंग करून घेऊ नका, कितीही ओळखीचा वेल्डर असला तरी. सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून बघितल्यावर हवा सुटत नसेल, ठरलेल्या दाबाला मोटर बंद होत नसेल किंवा टाकीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर प्लग काढा आणि कॉम्प्रेसरवाल्याला बोलवा. यातलं काहीही स्वतः उघडायचं नाही.

राहिल्या त्या आडव्या चिरा. बहुतेक वेळा लॅकरचा थर जाड झालेला असतो. एनसी लॅकर ठिसूळ असतं आणि पातं दर बाणाला वाकतं. घासून पातळ करा, चार जाड हातांऐवजी तीन पातळ द्या. पण नखाने चिरेवर आडवं खरवडून बघा. नख नुसतं लॅकरमध्ये अडकलं तर काळजी नाही. चीर खाली लाकडात गेलेली असेल, पाठीच्या बांबूची कपची उचललेली असेल किंवा बांबू आणि धामणीच्या जोडात रेघ उघडलेली दिसत असेल, तर दोरी उतरवा आणि धनुष्य बनवणाऱ्याकडे घेऊन जा. ‘एकदा ओढून बघतो’ म्हणू नका. पूर्ण ओढलेलं धनुष्य तुटतं तेव्हा तुकडे तोंडाच्या दिशेने येतात.

धामण पावसाळ्यात ओल धरते, म्हणून खाचांची आणि टोकांची आडवी कापलेली तोंडं बघायला विसरू नका. पाणी तिथूनच आत शिरतं आणि फवारा नेमका तिथेच कमी बसतो. तिथे मी शेवटी बारीक ब्रशने दोन हात जास्तीचे देतो.